जुन्या अंगणातला भोपळा

आमच्या होस्टेलवर 'भोपळा' या शब्दाला एकच अर्थ आहे. रिझल्ट लागला, मोबाइलवर गुण उघडले आणि कुणी काही न बोलता बोटांचा गोल करून दाखवला की समजायचं, एम-थ्रीत भोपळा! पण ज्या माणसाबद्दल मी लिहिणार आहे, त्याच्या मुलखात भोपळ्याची गोष्ट वेगळी आहे. पूर्व आफ्रिकेतल्या युगांडा देशाच्या उत्तरेला आचोली लोक राहतात. पूर्वी ते काही वर्षांनी वस्ती हलवायचे. माणसं निघून जायची, झोपड्या ढासळायच्या, पण जुन्या अंगणातला भोपळ्याचा वेल तिथेच पसरत राहायचा. अडल्यानडल्याला त्याचा आधार असायचा. म्हणून असा वेल उगाच उपटून टाकणं आचोली लोक वाईट समजतात आणि त्यांच्या भाषेत तशी म्हणच आहे. त्या एका म्हणीभोवती ओकोट प'बिटेक नावाच्या माणसाने अख्खं दीर्घकाव्य रचलं. आणि गंमत म्हणजे पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाने याच माणसाला आपल्या अर्थाचा भोपळाही दिला!

विषय ऐकल्यावर संपादक मंडळातल्या मैत्रिणीने मला विचारलं, की आफ्रिकेतला कवी, त्याचं पुस्तक तू वाचलंस इंग्रजीत, मग लेख इंग्रजी विभागात दे ना, मराठीत कशाला? त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही. आधी त्याची गोष्ट सांगते, उत्तर शेवटी देईन.

ओकोटचा जन्म १९३१ सालचा, गुलू गावचा. राजधानी कंपालापासून गुलू उत्तरेला सुमारे ३३० किलोमीटरवर आहे. तेव्हा युगांडावर इंग्रजांचा अंमल होता. आचोली भाषेत 'कोट' म्हणजे पाऊस आणि पावसात जन्मलेल्या मुलाचं नाव ओकोट. नावातला 'प' म्हणजे 'पा', आपल्या 'चा-ची-चे' सारखा. म्हणजे हा बिटेकचा ओकोट. वडील शाळामास्तर होते. आई लाच्वा गाणारी, नाचणारी आणि गोष्टी सांगणारी होती. म्हणजे घरात दोन शाळा एकदम भरत होत्या. एका शाळेत फळा, खडू आणि बायबल, दुसऱ्या शाळेत आईची गाणी. पहिल्या शाळेने त्याला परदेशी पोचवलं आणि दुसरीने कवी केलं, असं मला त्याचं आयुष्य वाचताना सारखं वाटत राहिलं.

गुलूच्या शाळेनंतर तो कंपालाजवळच्या किंग्ज कॉलेज बुडो या शाळेत गेला. इंग्रज मिशनऱ्यांनी १९०६ साली सरदारांच्या मुलांसाठी काढलेली ही मोठ्या नावाची निवासी शाळा. म्हणजे आपल्यासारखाच होस्टेलाइट! तिथे असताना त्याने एक संगीतिका लिहून ती रंगमंचावर आणली. मग म्बरारा इथे शिक्षक होण्याचं ट्रेनिंग घेतलं आणि परत गुलूजवळच्या एका शाळेत मास्तरकी सुरू केली. इंग्रजी आणि धर्मशिक्षण हे त्याचे विषय. उरलेल्या वेळात गाणं आणि फुटबॉल.

१९५३ साली, म्हणजे बाविसाव्या वर्षी, त्याची पहिली कादंबरी आली. ती आचोली भाषेत होती. एका गरीब तरुणाला लग्न करायचंय. आचोली रीतीप्रमाणे मुलीकडच्यांना वधूमूल्य द्यायचं, तर पैसे नाहीत. म्हणून तो कमवायला दक्षिणेकडे, शहराकडे जातो, राब राब राबतो, आणि परतीच्या वाटेवर ते पैसे चोरीला जातात. कादंबरीच्या नावाचा अर्थ साधारण असा, की दात पांढरे असतील तर हसून घ्यावं. गोष्ट रडण्यासारखी आणि नाव हसण्याचं. त्याची ही सवय शेवटपर्यंत सुटली नाही.

आता एक प्रश्न. तेव्हाचा शिकलेला तरुण, इंग्रजी शिकवणारा मास्तर, त्याने कादंबरी आचोलीत का लिहिली असेल? मला वाटतं याचं उत्तर फार साधं आहे. ज्यांची गोष्ट होती त्यांना ती वाचता यायला हवी होती. मोठी क्रांती वगैरे करायला तो बसला नव्हता.

१९५६ साली युगांडाचा फुटबॉल संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला. त्या संघात ओकोट होता. संघातले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळायचे आणि बूट घातलेल्या इंग्रज संघांशी सामने द्यायचे! दौरा संपला, संघ परत गेला, आणि हा पठ्ठ्या शिकायला तिथेच राहिला. आधी ब्रिस्टल विद्यापीठात शिक्षणशास्त्राचा डिप्लोमा केला, मग वेल्समधल्या अॅबरिस्टविथ इथे कायद्याची पदवी घेतली. मग तो ऑक्सफर्डला सामाजिक मानववंशशास्त्र शिकायला गेला. शिक्षणशास्त्र, कायदा, मानववंशशास्त्र. आपल्याकडे ब्रँच बदलायला एक वर्ष घासावं लागतं, याने तर आख्खी फॅकल्टीच बदलली, तीही दोनदा.

ऑक्सफर्डमध्ये पहिल्याच लेक्चरला त्याला धक्का बसला. शिकवणारे प्राध्यापक आफ्रिकेतल्या लोकांसाठी रानटी, आदिम, असंस्कृत असे शब्द सर्रास वापरत होते. कुणाला शिवी द्यावी असा त्यांचा हेतू नव्हता, त्या विषयाची ती परिभाषाच होती. ओकोटने त्याला हरकत घेतली. काही उपयोग झाला नाही. हे त्याने नंतर स्वतःच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. जरा डोळ्यांसमोर आणून बघा. वर्ग चालू आहे, सगळे वह्यांत उतरवून घेत आहेत, आणि फळ्यासमोर जो विषय चाललाय तो म्हणजे तुमची आई, तिची गाणी, तुमच्या गावचे म्हातारे. मी असते तर खाली मान घालून नोट्स घेतल्या असत्या. परीक्षेत तेच लिहायचं असतं ना!

त्याने दोन्ही केलं. भांडलाही आणि प्रबंधही लिहिला. १९६३ साली त्याला ऑक्सफर्डची बी.लिट. मिळाली. प्रबंधाचा विषय होता आचोली आणि त्यांच्या शेजारच्या लांगो लोकांचं मौखिक वाङ्मय. म्हणजे आईची गाणीच त्याने ऑक्सफर्डच्या टेबलावर नेऊन ठेवली.

भाषांतराने काय काय होऊ शकतं याची एक गोष्ट त्याने सांगितली आहे. कॉन्व्हेंटमध्ये रोज सकाळी प्रार्थना म्हणून मोठी झालेली मुलगी म्हणून मला ती विसरता येत नाही. १९११ साली इटालियन मिशनरी आचोली मुलखात आले. त्यांनी गावच्या म्हाताऱ्यांना विचारलं, की तुम्हाला कुणी निर्माण केलं? आता त्या भाषेत 'निर्माण करणे' अशी वेगळी कल्पनाच नव्हती. त्यामुळे प्रश्नाचं भाषांतर झालं, तुम्हाला कुणी घडवलं, म्हणजे मातीचं मडकं घडवतात तसं. म्हातारे गोंधळले. माणूस आईच्या पोटी जन्माला येतो, घडवायचा काय प्रश्न! त्यांनी माहीत नाही म्हणून सांगितलं. मिशनऱ्यांना ते पटेना, उत्तर हवंच होतं. शेवटी एका म्हाताऱ्याला आठवलं, की पाठीच्या कण्याचा क्षय झाला की धडधाकट माणसाला कुबड येतं, त्याचा आकार बदलतो. हा आकार रुबांगा नावाचं एक दुष्ट भूत देतं, अशी त्यांची समजूत. म्हणून तो म्हणाला, की माणसाला घडवतो तो रुबांगा. झालं! मिशनऱ्यांनी ते नाव घेतलं आणि आकाशातल्या दयाळू बापाला आचोलीत रुबांगा म्हणायला सुरुवात केली. कुबड आणणारं भूत परमेश्वर होऊन बसलं. एका क्रियापदासाठी शब्द नव्हता, त्याचा हा परिणाम!

देश ९ ऑक्टोबर १९६२ रोजी स्वतंत्र झाला होता. ओकोट परत आला आणि मेकेरेरे विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचं काम गुलूमध्ये करू लागला. तिथे त्याने गाणी, नाच, नाटकं यांचा एक महोत्सव सुरू केला. गावोगावच्या मंडळ्या यायच्या. आचोलींचा तरुणांचा एक नाच आहे, त्यात वाळवलेल्या भोपळ्याची अर्धी कवटी हातात धरून सायकलच्या तारांनी वाजवतात. आपल्याकडे तंबोऱ्याला भोपळा लागतो, त्यांच्याकडे नाचाला. याच दिवसांत तो एक लांबलचक गाणं रचत होता. ते गाणं म्हणजे 'वेर पा लाविनो', लाविनोचं गाणं. मूळ आचोलीत, तालात आणि यमकात. मग त्याने स्वतःच त्याचं इंग्रजी केलं. १९६६ साली नैरोबीच्या ईस्ट आफ्रिकन पब्लिशिंग हाउसने 'साँग ऑफ लाविनो' छापलं, आणि पूर्व आफ्रिकेत खळबळ उडाली.

हे पुस्तक मला लायब्ररीत अगदी मागच्या शेल्फवर मिळालं. तेरा भाग आहेत आणि बोलते एकटी लाविनो. ती शाळा न शिकलेली, गावची बायको आहे. लहानपणी मिशनच्या संध्याकाळच्या वर्गात बसवलं, तर न समजणारी प्रार्थना घोकण्यापेक्षा बाहेरचा नाच बरा म्हणून ती पळून आली. तिचा नवरा ओचोल. खूप शिकला, पुढारी झाला, आणि आता त्याला बायकोची लाज वाटते. तिचे केस, तिचा स्वयंपाक, तिची आई, तिचे देव, सगळं त्याला मागासलेलं वाटतं. त्याने शहरातली शिकलेली क्लेमेंटाइन गाठली आहे. लाविनो हे सगळं भाऊबंदांना आणि खुद्द नवऱ्याला सांगते आहे. तीही रडत रडत नाही, तर एकेक गोष्ट घेऊन, टोमणे मारत, नकला करत. क्लेमेंटाइनच्या पावडर-लिपस्टिकवर ती जे काही बोलते ते वाचताना मी रात्री बारा वाजता मोठ्याने हसले. नवऱ्याच्या घड्याळाची ती थट्टा करते. घड्याळ बघून भूक लागते का, बाळ घड्याळ बघून रडतं का, असं तिचं म्हणणं. राजकारणावरही बोलते. नवरा एका पक्षात, सख्खा दीर दुसऱ्या पक्षात, दोघांच्या तोंडी स्वातंत्र्य आणि एकजूट, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. घरभर पुस्तकंच पुस्तकं झालीत आणि त्यांत आपला पुरुष हरवला, ही तिची शेवटची आणि सगळ्यात खोल तक्रार. पुन्हा पुन्हा ती त्या भोपळ्याच्या म्हणीवर येते. ती नवऱ्याला इंग्रजांच्या रीती सोड म्हणत नाही. तुला पटतं ते तू कर, पण माझ्या अंगणातलं मुळासकट उपटू नकोस, एवढंच तिचं मागणं आहे.

यात नवीन काय होतं हे कळायला तेव्हाच्या आफ्रिकन कवितेकडे एक नजर टाकावी लागेल. सेनेगलचे सेंघोर हे फार मोठे कवी, १९६० पासून वीस वर्षं देशाचे अध्यक्ष. त्यांनी काळेपणाचा अभिमान गायला, पण उंच, भारदस्त फ्रेंचमध्ये. नायजेरियाचा ख्रिस्तोफर ओकिग्बो लॅटिन-ग्रीक शिकलेला. त्याच्या सुरुवातीच्या कविता इतक्या संदर्भांनी भरलेल्या, की मी तीन पानं वाचून पुस्तक मिटलं. (तो १९६७ साली बियाफ्राच्या युद्धात लढताना मारला गेला. त्याच्या शेवटच्या कविता मात्र त्याच्या लोकांच्या ढोलासारख्या वाजतात.) १९६२ साली मेकेरेरेमध्येच आफ्रिकन लेखकांची मोठी परिषद भरली. पण ती इंग्रजीत लिहिणाऱ्यांची होती. फक्त आपापल्या भाषेत लिहिणाऱ्यांना तिच्यात जागा नव्हती. आफ्रिकेची कविता कुठल्या भाषेत लिहायची यावर वाद पेटला होता.

ओकोटने त्या वादात आधी भाषण केलं नाही. त्याने गाणं आचोलीत रचलं आणि मग इंग्रजीला त्या गाण्याच्या मागे चालायला लावलं. त्याच्या इंग्रजी ओळी अगदी छोट्या आहेत. यमक नाही, इंग्रजी छंद नाही. आचोली वाक्प्रचार तो जसेच्या तसे ठेवतो, त्यांचा अर्थ समजावत बसत नाही. बैल म्हणजे मर्द, शिंग म्हणजे प्रत्येक तरुणाचं स्वतःचं वाद्य, ज्याच्या सुरावरून तो दुरूनही ओळखू येतो. काही नावं आणि शब्द आचोलीच ठेवतो. क्लेमेंटाइनचं नाव लाविनोच्या तोंडी आचोली वळणाने येतं, आपली आजी स्टेशनला टेसन म्हणते तसं. चूक कोण करतंय? आचोलीच्या हिशोबाने क्लेमेंटाइन हे नावच चुकीचं आहे! आणि आचोली लोकांत कुणावर राग असेल तर तो चारचौघांत गाण्यातून काढायची जुनी रीत आहे. लाविनोचं गाणं त्या रीतीतलं आहे. म्हणून ते इंग्रजीत असूनही इंग्रजी कवितेसारखं वाटत नाही. कुणीतरी अंगणात उभं राहून बोलतंय असं वाटतं.

यात त्याचं नुकसानही झालं आणि ते त्याने लपवलं नाही. इंग्रजी करताना मूळचा ताल आणि यमक गेलं, धार बोथट झाली, अशी कबुली त्याने पुस्तकाच्या सुरुवातीलाच देऊन टाकली आहे. मूळ आचोली पुस्तक तर इंग्रजीच्याही नंतर छापून निघालं. त्याचा मित्र, कवी ताबान लो लियोंग याचं मत असं, की आचोलीतली लाविनो इंग्रजीतल्या लाविनोपेक्षा कितीतरी खोल आहे. २००१ साली त्याने आचोलीवरून नवा इंग्रजी अनुवादही काढला.

टीकाही झाली. गावाकडचं सगळं गोडच कसं, असं काहींनी विचारलं. मलाही एक खटकलं. लाविनोचा सगळ्यात बोचरा राग क्लेमेंटाइनवर निघतो, म्हणजे दुसऱ्या बाईवर. दोन बायका करण्याच्या रीतीवर तो निघत नाही. ती रीत तिला मान्यच आहे. हे गाणं पुरुषाने लिहिलंय हे अशा वेळी लक्षात येतं.

पण खरी गंमत पुढेच आहे. ब्रिस्टल, अॅबरिस्टविथ, ऑक्सफर्ड असे शिक्के असलेला ओकोट स्वतः कोण होता? लाविनो की ओचोल? त्याच्या घरीही पुस्तकं असणारच! १९७० साली त्याने 'साँग ऑफ ओचोल' काढलं, नवऱ्याचं उत्तर. ओचोल बायकोला सामान बांधून चालती हो म्हणतो. गाव, झोपड्या, भोपळे, सगळं उद्ध्वस्त करायच्या गर्जना करतो. पण ऐकताना कळतं की हा माणूस आतून घाबरलेला आहे. शेवटी तो विचारतो, की आता पुतळे कुणाचे उभारायचे? आफ्रिकेचे तुकडे ज्यांनी पाडले त्यांचे? ज्या माणसाने ही भीती आतून पाहिलेली नाही, त्याला ओचोल लिहिता आला नसता.

आता पुढची हकीकत. १९६६ मध्ये तो कंपालाच्या राष्ट्रीय नाट्यगृहाचा आणि सांस्कृतिक केंद्राचा संचालक झाला, त्या जागेवरचा पहिला आफ्रिकन माणूस. त्याने तिथे खेड्यातले नाच आणि गाणी आणली. १९६७ च्या ऑक्टोबरात स्वातंत्र्यदिनाचा मोठा उत्सव भरवला. पण तो मंत्र्यासंत्र्यांवरही तोंड टाकायचा. त्याच सुमाराला तो झांबियाला जाऊन आला आणि परतताना कळलं, की ओबोटे सरकारला तो नकोसा झालाय. नोकरी गेली आणि देशही सुटला. आधी स्वतःच्या देशाचे सत्ताधारी आणि मग १९७१ पासून इदी अमीनची लष्करी राजवट, अशी मिळून बारा-एक वर्षं तो परागंदा होता.

केनियाने त्याला जागा दिली. किसुमू इथे त्याने १९६८ साली पुन्हा एक महोत्सव उभा केला. हा माणूस जाईल तिथे लोकांना नाचायला लावायचा! अमेरिकेत आयोवाच्या लेखक कार्यक्रमात तो जाऊन आला, मग नैरोबी विद्यापीठात संशोधन आणि अध्यापन केलं. नैरोबीत तेव्हा न्गुगी वा थिओंगो होते. १९६८ साली न्गुगी, ताबान आणि ओवुओर अन्युम्बा या तिघांनी इंग्रजी विभागच बंद करा, मध्यभागी आफ्रिकन साहित्य ठेवा, अशी मागणी करून वादळ उठवलं होतं. न्गुगी पुढे स्वतः इंग्रजी सोडून गिकुयु भाषेकडे वळले. (ते २०२५ साली वारले.) ओकोटने मात्र इंग्रजीशी काडीमोड घेतला नाही आणि आचोलीही सोडली नाही.

आणि तो भोपळा? आपल्या लोकांच्या धर्मावर त्याने डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. परदेशी अभ्यासकांनी आफ्रिकन देवांना ख्रिस्ती देवाचे कपडे चढवले, असं त्याचं म्हणणं होतं. रुबांगाची गोष्ट आठवा! १९७० साली ऑक्सफर्डने तो प्रबंध नाकारला. त्याने काय केलं असेल? तोच मजकूर पुढच्याच वर्षी पुस्तक म्हणून छापला, आणि ते पुस्तक आज त्या विषयात वाचावंच लागतं. केटी लागलेल्यांनी हा परिच्छेद कापून भिंतीवर चिकटवायला हरकत नाही.

१९७१ सालीच त्याची आणखी दोन गाणी एकत्र आली, एक कैद्याचं आणि एक वेश्येचं. त्या पुस्तकाला १९७२ चा जोमो केन्याटा पुरस्कार मिळाला. १९७४ मध्ये त्याने आचोली गाण्यांचा संग्रह इंग्रजी अनुवादासह काढला, १९७८ मध्ये लोककथांचा. अनवाणी खेळाडूने परदेशात शिकून आणलेली सगळी विद्या शेवटी आईची गाणी जपायला लावली.

१९७९ साली अमीन पळाला. ओकोट नायजेरियातल्या इफे विद्यापीठात शिकवून मायदेशी परतला. १९८२ साली मेकेरेरेने त्याला सर्जनशील लेखनाचा प्राध्यापक नेमलं. ते काम त्याला काही महिनेच करता आलं. त्याच वर्षी जुलैमध्ये कंपालात तो वारला. वय ५१.

त्याच्यामागे गुलूचं जे झालं ते वाचून मन सुन्न झालं. १९८७ ते २००६ आचोली मुलखात बंडखोर आणि सरकार यांचं युद्ध चाललं. दहा लाखांहून जास्त माणसं आपली घरं सोडून छावण्यांत कोंबली गेली. अंगणं ओस पडली. भोपळ्याच्या म्हणीचा अर्थ त्या वीस वर्षांत कुणी कवितेतून समजावून सांगायची गरज उरली नसेल.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाचं उत्तर. मागच्या सेमिस्टरला आमच्या वर्गात सेमिनार होते. माझी रूममेट मराठवाड्यातली, बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, सर्किट्समध्ये वर्गात पहिली. तिने 'हायपोथेसिस' हा शब्द तीनदा अडखळत म्हटला आणि मागच्या बाकावर आम्ही हसलो. हसणाऱ्यांत मी होते. तिने मागे वळून पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला दिसले. लाविनो वाचताना मी आधी अर्थातच लाविनोच्या बाजूने होते. बारा वाजता हसत होते ना! पुस्तक अर्ध्यावर आलं तेव्हा लक्षात आलं, की या गोष्टीत माझी जागा लाविनोची नाही. मी ओचोल आहे.

मग मी रूममेटला पुस्तक सांगायला बसले. इंग्रजी वाचत होते आणि मराठीत सांगत होते. पहिल्याच पानावर अडले. लाविनो नवऱ्याला काय म्हणेल, अहो की अरे? इंग्रजीतला 'यू' काहीच सांगत नाही. मी म्हटलं, अहो. रूममेटने थोडं ऐकलं आणि सांगितलं, की सुरुवातीला अहोच, कारण भाऊबंद ऐकताहेत, पण तो हिच्या आईला नावं ठेवतो तिथून पुढे अरे. मला हे आयुष्यात सुचलं नसतं. क्लेमेंटाइनवरच्या टोमण्यांना माझ्याकडे शब्दच नव्हते, तिने धडाधड पुरवले. (छापण्यासारखे नाहीत!) इंग्रजीत थोडी लांबची वाटणारी लाविनो आमच्या खोलीत पलंगावर मांडी घालून बसल्यासारखी बोलायला लागली. त्या रात्री मला वाटलं, की ज्या गाण्याला इंग्रजीत यावं लागलं, त्याला आपल्या भाषेत यायला मधला रस्ता फारसा लांब नाही. फक्त तो रस्ता माहीत असलेलं माणूस हवं. माझ्या खोलीत ते होतं आणि मी त्याच्यावर हसले होते.

म्हणून हा लेख मराठी विभागात. सेमिनारबद्दल मी तिची माफी मागितली. लेख लिहून झाल्यावर तिच्याकडेच तपासायला दिला. माझं लिहायचं मराठी परीक्षेपुरतंच. ऱ्हस्व-दीर्घ, शब्द, वाक्यं मिळून तिने लाल पेनाने सत्तेचाळीस चुका काढल्या. एकदाही हसली नाही.